भक्षकाच्या उदरात राहणारा जंतू : क्षयजंतूचे पेशीतील वास्तव्य, त्याचा आहार आणि आपले कर्तव्य

तीन आठवड्यांचा खोकला, सायंकाळी येणारी कणकण, गेलेली भूक आणि सैल पडू लागलेले कपडे, अशा अवस्थेतील रुग्ण आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलेला असतो. बहुधा तो प्रथम औषधाच्या दुकानात जातो, खोकल्याचे औषध आणि चार दिवसांच्या गोळ्या घेतो, थोडे बरे वाटते, पुन्हा खोकला सुरू होतो आणि मग तो आपल्या दवाखान्याची पायरी चढतो. पुढे क्षयाचे निदान होते, सहा महिन्यांची औषधे सुरू होतात आणि दोन महिने होतात न होतात तोच तो विचारतो, "वैद्यराज, आता खोकला नाही, ताप नाही, वजनही वाढले. मग या गोळ्या आणखी चार महिने कशासाठी?"

हा प्रश्न आपण पुष्कळदा "शासनाने तसे ठरवले आहे" असे सांगून मिटवतो. परंतु ते उत्तर नव्हे, आणि त्याने रुग्णाचे समाधानही होत नाही. खरे उत्तर क्षयजंतू शरीरात कोठे राहतो आणि तेथे काय खाऊन जगतो, या दोन गोष्टींत आहे. गेल्या पन्नास-साठ वर्षांत या विषयाचे ज्ञान बरेच वाढले आहे. ते आपल्या व्यावसायिक बंधुभगिनींसमोर सोप्या भाषेत मांडावे आणि त्यातून चिकित्सक व औषधविक्रेते या दोघांच्याही वाट्याला येणारे कर्तव्य स्पष्ट करावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

जंतू राहतो कोठे?

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे क्षयजंतूचा शोध जाहीर केला. हा जंतू साधारण दोन ते चार मायक्रॉन लांबीची एक काडी असते. रुग्ण खोकला, शिंकला वा मोठ्याने बोलला की सूक्ष्म तुषार हवेत जातात. त्यांतील अतिसूक्ष्म कण दुसऱ्याच्या श्वासावाटे थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात.

या वायुकोशांत शरीराने पहारेकरी ठेवलेले असतात. मॅक्रोफेज नावाच्या या भक्षक पेशी आहेत. धूळ, मृत पेशी वा जंतू, जे परके दिसेल ते गिळावयाचे आणि पचवावयाचे, हे त्यांचे काम. बहुतेक जंतूंचा शेवट येथेच होतो. क्षयजंतूची गोष्ट निराळी आहे. त्यालाही भक्षक पेशी गिळते, परंतु पचवू शकत नाही. ज्या पेशीने त्याचा नाश करावयाचा, तीच त्याचे घर बनते. पेशीच्या बाहेर रक्तात फिरणारी प्रतिद्रव्ये तेथवर पोचत नाहीत आणि सर्वच औषधेही आत शिरत नाहीत.

पचनाची क्रिया कशी अडते?

भक्षक पेशी एखादा जंतू गिळते तेव्हा तो पेशीद्रवात मोकळा पडत नाही. पेशीच्याच आवरणाची एक पिशवी त्याच्याभोवती तयार होते. तिला आपण भक्षणपुटिका म्हणू. ही पुटिका हळूहळू आम्ल होत जाते आणि शेवटी लयकारिकांशी जुळून एकरूप होते. लयकारिका या पेशीतील पाचक रसांच्या थैल्या होत. त्यांचा सामू साडेचार ते पाच, म्हणजे चांगलाच आम्ल असतो. त्यांतील विकरे प्रथिने, मेद, केंद्रकाम्ले या सर्वांचे विघटन करतात. आयुर्वेदाच्या परिभाषेची सवय असलेल्या वाचकाला येथे कोष्ठ आणि अग्नी यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. मात्र ही तुलना समजुतीपुरतीच घ्यावी.

१९७१ मध्ये आर्मस्ट्राँग आणि डार्सी हार्ट या इंग्लंडमधील संशोधकांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिले की, जिवंत क्षयजंतू ज्या पुटिकेत असतो ती लयकारिकांशी जुळतच नाही. मृत जंतू असेल तर मात्र जुळते. म्हणजे ही अडवणूक जिवंत जंतूच करीत असला पाहिजे. पुढील संशोधनातून त्याची साधनेही समजली. पुटिकेला आम्ल करणारा पंप तिच्या आवरणावर बसू नये, यासाठी जंतू एक विकर सोडतो. पुटिकेच्या आवरणावर "आता लयकारिकेकडे जा" असा निरोप देणारा एक मेदरेणू असतो. जंतूचे दुसरे विकर तो मेदरेणूच नष्ट करते. परिणामी ती पुटिका अपक्व अवस्थेतच राहते. तिचा सामू सव्वासहाच्या आसपास टिकतो आणि जंतू सुखाने नांदतो.

अर्थात हे युद्ध एकतर्फी नाही. शरीरातील टी पेशी गॅमा इंटरफेरॉन हे द्रव्य सोडून भक्षक पेशीला जागृत करतात. जागृत पेशीतील पुटिका अधिक आम्ल होते आणि जंतूची वाढ रोखली जाते. म्हणूनच जंतूचा संसर्ग झालेल्या निरोगी व्यक्तींपैकी सुमारे पाच ते दहा टक्क्यांनाच आयुष्यात केव्हातरी प्रत्यक्ष रोग होतो. उरलेल्यांत जंतू दबून राहतो. एच.आय.व्ही.चा संसर्ग, कुपोषण, मधुमेह, दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइडे यांनी ही जागृती मंदावली की पारडे जंतूच्या बाजूने झुकते.

तो खातो काय?

प्रयोगशाळेत जंतू वाढवताना त्याला बहुधा साखरेसारखे पदार्थ देतात. त्यामुळे शरीरातही तो तेच खात असावा, असा समज होता. १९५६ मध्ये सीगल आणि ब्लॉक यांनी उंदरांच्या फुप्फुसांतून काढलेले क्षयजंतू तपासले, तेव्हा ते शर्करेपेक्षा मेदाम्लांवर अधिक जोमाने श्वसन करतात असे आढळले. त्या काळी या निरीक्षणाचा पूर्ण अर्थ लागला नाही. १९९८ मध्ये जंतूचा संपूर्ण जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. त्यातील सुमारे चार हजार जनुकांपैकी जवळजवळ अडीचशे मेदाम्लांच्या चयापचयाची विकरे बनवण्याच्या कामी आहेत, असे दिसले. आपल्या आतड्यात राहणाऱ्या ई. कोलाय जंतूत ही संख्या पन्नासच्या आसपास आहे. या एका तुलनेवरूनच क्षयजंतू मेदावर जगण्यासाठी घडलेला आहे, हे ध्यानात येते.

हा मेद येतो कोठून? तो बाहेरून येत नाही, आश्रय देणाऱ्या पेशीचाच असतो. क्षयजंतूने ग्रासलेल्या अनेक भक्षक पेशींत मेदाचे थेंब साठू लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या फेसाने भरल्यासारख्या दिसतात, म्हणून त्यांना फेसाळ पेशी म्हणतात. जंतूची पुटिका या थेंबांना जाऊन भिडते आणि जंतू तेथून मेदाम्ले उचलतो. याशिवाय पेशीच्या आवरणातील कोलेस्टेरॉलही तो खातो. कोलेस्टेरॉल आत ओढून घेण्यासाठी त्याच्याजवळ एक स्वतंत्र वाहक यंत्रणा असून ती नसेल तर तो प्राण्याच्या शरीरात फार काळ टिकत नाही, असे २००८ मध्ये सिद्ध झाले.

कोलेस्टेरॉलचे विघटन होताना प्रोपिओनिल नावाचा एक घटक मोठ्या प्रमाणात तयार होतो. तो साठला तर जंतूलाच विषारी ठरतो. जंतू त्याचा विनियोग स्वतःच्या भित्तिकेतील मेदद्रव्ये बनवण्यासाठी करतो, आणि हीच मेदद्रव्ये त्याला भक्षक पेशीपासून वाचवतात. म्हणजे आपल्याच मेदातून तो अन्न मिळवतो आणि उरलेल्यातून कवच घडवतो.

केवळ मेदावर जगावयाचे तर त्यातून शर्करेसारखे घटकही तयार करता आले पाहिजेत. त्यासाठी जंतूजवळ आयसोसायट्रेट लायेज हे विकर आहे. मानवी पेशींत ही सोय नाही. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात या विकराचा एक प्रकार काढून टाकलेले क्षयजंतू उंदरांत पहिले दोन आठवडे नेहमीसारखे वाढले, परंतु शरीराची प्रतिकारशक्ती जागी झाल्यावर टिकू शकले नाहीत. दीर्घकाळ दडून राहणे आणि मेदावर जगणे यांचा संबंध असा घट्ट आहे.

मेदाइतकीच त्याला लोहाची गरज असते. शरीर ते सहज हाती लागू देत नाही. संसर्ग झाला की रक्तातील लोह कमी करून ते साठ्यांत बंद केले जाते. जीर्ण व्याधीत दिसणाऱ्या पांडुतेचे हे एक कारण आहे. जंतू मायकोबॅक्टिन नावाची द्रव्ये सोडून यजमानाच्या प्रथिनांना चिकटलेले लोह ओढून घेतो. म्हणून सक्रिय क्षयाच्या रुग्णात हिमोग्लोबिन कमी दिसले एवढ्यावरून लोहकल्पांचा भडिमार करणे योग्य नव्हे. क्षयाची चिकित्सा सुरू झाली की ही पांडुता पुष्कळदा आपोआप सुधारू लागते. खरी लोहन्यूनता आहे की नाही, हे तपासूनच पुढचा निर्णय घ्यावा.

गाठ आणि तिच्यातील सुप्त जंतू

ग्रासलेल्या भक्षक पेशींभोवती इतर पेशींचे कडे तयार होते. हीच क्षयाची गाठ. ती जंतूला कोंडते, परंतु तिच्या मध्यभागी मेलेल्या फेसाळ पेशींचा मेदयुक्त, पनीरासारखा लगदा साठतो. तेथे रक्तवाहिन्या नसतात आणि प्राणवायूही तुटपुंजा असतो. अशा जागी जंतू वाढ जवळजवळ थांबवतो आणि साठवलेल्या मेदावर कालक्रमणा करतो. अनुकूल स्थितीतही क्षयजंतूच्या एका विभाजनास अठरा ते चोवीस तास लागतात. ई. कोलाय हे काम वीस मिनिटांत उरकतो. मुळातच मंद असलेला हा जंतू गाठीत गेल्यावर निद्रिस्तच होतो.

गाठ टिकवून धरण्यात टी.एन.एफ. या द्रव्याचा मोठा वाटा आहे. संधिवातासाठी हे द्रव्य निष्प्रभ करणारी इंजेक्शने वापरात आली, तेव्हा काही रुग्णांत दबलेला क्षय उफाळून आल्याचे २००१ मध्ये नोंदवले गेले. स्टिरॉइडांनीही वेगळ्या मार्गाने हेच घडू शकते. "आयुर्वेदिक" म्हणून विकल्या जाणाऱ्या, घटक न छापलेल्या सांधेदुखीच्या पुड्यांत जर स्टिरॉइड मिसळलेले असेल, तर त्या पुड्या घेणाऱ्याच्या फुप्फुसात काय घडू शकते, याचा विचार प्रत्येक विक्रेत्याने करावा.

इतर पेशीनिवासी जंतू

पेशीत राहणारा क्षयजंतू हा एकटाच नव्हे. विषमज्वराचा जंतूही भक्षक पेशीत राहतो, पण त्याची रीत वेगळी. तो पुटिका आम्ल होऊ देतो. ती आम्लता हीच त्याला खूण असते. मग तो सुईसारख्या साधनाने आपली प्रथिने पेशीद्रवात टोचतो आणि पुटिकेची रचना सोयीप्रमाणे बदलून घेतो. स्क्रब टायफस हा २०१८ मध्ये विदर्भात मोठ्या प्रमाणात आढळलेला ज्वर. त्याचा जंतू पुटिका फोडून सरळ पेशीद्रवात उतरतो आणि तेथील तयार अन्नावर जगतो. कुष्ठरोगाचा जंतू मज्जातंतूंभोवतीच्या श्वान पेशींत राहतो. परावलंबनाने त्याची इतकी जनुके निकामी झाली आहेत की सुमारे सोळाशेच कार्यक्षम उरली आहेत, आणि कृत्रिम माध्यमात तो आजवर वाढवता आलेला नाही.

या माहितीचा व्यवहारात थेट उपयोग आहे. विषमज्वराचा जंतू प्रयोगशाळेतील बशीत जेंटामायसिनने मरतो, परंतु रुग्णात ते औषध उपयोगी पडत नाही. कारण बशीत जंतू उघडा असतो, रुग्णात तो पेशीत असतो आणि या वर्गाची औषधे पेशीत फारशी शिरत नाहीत. त्याचप्रमाणे स्क्रब टायफसमध्ये पेनिसिलिन वर्गातील औषधे निष्फळ ठरतात, तर डॉक्सिसायक्लिनने बहुधा लवकर उतार पडतो. जंतू कोणता, एवढेच पाहून भागत नाही. तो कोठे बसला आहे आणि औषध तेथे पोचते काय, हेही पाहावे लागते.

सहा महिने कशासाठी?

आता रुग्णाच्या प्रश्नाकडे वळू. त्याच्या शरीरात एकाच प्रकारचे जंतू नसतात. फुप्फुसातील पोकळीत भराभर वाढणारे जंतू असतात. भक्षक पेशींच्या आम्ल पुटिकांत आणि दाहाच्या जागी मंद वाढणारे असतात. गाठीच्या लगद्यात जवळजवळ निद्रिस्त असे काही थोडे असतात. आयसोनायझिड हे भित्तिकेतील विशिष्ट मेदाम्लांची निर्मिती रोखते. म्हणून वाढत्या जंतूवर ते जलद काम करते, निद्रिस्तावर फारसे नाही. रिफाम्पिसिन पेशीत शिरते आणि मधूनच जागा होणारा जंतूही टिपते. पायराझिनामाइड आम्ल जागीच प्रभावी ठरते. इथॅम्ब्यूटॉल मुख्यत्वे इतर औषधांना प्रतिरोध निर्माण होऊ नये म्हणून असते. क्षयावरील पहिले प्रभावी औषध स्ट्रेप्टोमायसिन हे १९४३ मध्ये सापडले खरे, परंतु तेही पेशीत फारसे शिरत नाही. पुढे रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड यांची जोड मिळाली, तेव्हाच अठरा महिन्यांची चिकित्सा सहा महिन्यांवर आणता आली.

आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात औषधांना दाद देणाऱ्या क्षयासाठी पहिले दोन महिने ही चारही औषधे आणि पुढील चार महिने पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन औषधे रोज दिली जातात. पहिल्या दोन महिन्यांत उघड्यावरचे, वाढते जंतू बहुतांशी मरतात. खोकला, ताप ही लक्षणे त्यांच्यामुळे होती, म्हणून रुग्णाला बरे वाटते. उरतात ते पेशींत आणि गाठींत मेदावर जगणारे, सावकाश वाढणारे. ते लक्षणे दाखवत नाहीत. औषध बंद झाले की तेच पुन्हा वाढतात. अर्धवट व अनियमित औषधे घेतल्याने त्यांतील प्रतिरोधी जंतूंची निवड होण्याचा धोकाही वाढतो. रुग्णाला सांगावयाचे ते इतकेच : "अंगणातले चोर गेले, माळ्यावरचे अजून आहेत. ते झोपलेले आहेत म्हणून आवाज येत नाही. पुढचे चार महिने त्यांच्यासाठी."

मग तूप बंद करावे काय?

जंतू मेदावर जगतो हे ऐकल्यावर कोणी विचारील की, मग रुग्णाचे तूप-तेल बंद करावे काय? लंघनाने जंतू उपाशी मरेल काय? याचे उत्तर स्पष्ट शब्दांत नाही असे आहे. जंतू ताटातील तूप खात नाही. तो ज्या पेशीत राहतो तिच्याच घटकांवर जगतो, आणि रुग्ण कितीही उपाशी राहिला तरी पेशीच्या आवरणातील कोलेस्टेरॉल संपत नाही. उपासमारीने जंतू दुबळा होत नाही. त्याला रोखणारी प्रतिकारशक्ती तेवढी दुबळी होते.

याला भक्कम आधार आहे. झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव व सहकाऱ्यांनी सुमारे २,८०० क्षयरुग्णांच्या घरांतील दहा हजारांहून अधिक व्यक्तींवर आहाराचा अभ्यास केला. तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णांना तांदूळ, डाळ, दूधभुकटी, तेल आणि सूक्ष्म पोषकद्रव्ये दिली गेली. घरातील इतरांपैकी एका गटाला दरमहा तांदूळ, डाळ व सूक्ष्म पोषकद्रव्ये दिली. ज्या घरांतील सर्वांना पोषण मिळाले, तेथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी, आणि जंतुतपासणीत सिद्ध झालेल्या फुप्फुसक्षयाचे प्रमाण ४८ टक्क्यांनी कमी आढळले. रुग्णांतही पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका बराच कमी होता.

मात्र नाण्याची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. चेन्नई येथील क्षयरोग रसायनचिकित्सा केंद्राने १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही रुग्णांना आरोग्यधामात विश्रांती व सकस आहारासह, तर काहींना दाटीवाटीच्या घरांतच, तुटपुंज्या आहारावर ठेवून तीच औषधे दिली होती. दोन्ही गटांतील बरे होण्याचे प्रमाण जवळपास सारखे निघाले. दोन्ही अभ्यास एकत्र ठेवले तर निष्कर्ष असा निघतो : जंतूचा नाश औषध करते, आहार त्या कामी शरीराला बळ देतो. आहार औषधाची जागा घेऊ शकत नाही. आणि औषध मिळते म्हणून आहाराकडे दुर्लक्ष करणेही क्षम्य नाही.

पेशीत दिसलेली गोष्ट रुग्णात तशीच घडेल, असे मानू नये. जीवनसत्त्व ड मिळाल्यावर भक्षक पेशी क्षयजंतूला मारणारे द्रव्य तयार करते, असे २००६ मध्ये आढळले, तेव्हा मोठ्या आशा निर्माण झाल्या. परंतु मंगोलियातील आठ हजारांहून अधिक शाळकरी मुलांना तीन वर्षे हे जीवनसत्त्व देऊनही संसर्गाचे प्रमाण घटले नाही, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या वनस्पतींच्या बाबतीतही हाच विवेक बाळगावा. बशीतील जंतू मारणारा अर्क आणि गाठीतील जंतू मारणारे औषध यांत फार अंतर आहे.

शास्त्राधार आणि त्याची मर्यादा

चरकाचार्यांनी शोषाची चार कारणे सांगितली : साहस, वेगसंधारण, क्षय आणि विषमाशन. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात कुष्ठ, ज्वर, शोष आणि नेत्राभिष्यंद यांना औपसर्गिक, म्हणजे सहवासाने, श्वासाने, एकत्र जेवण्या-झोपण्याने एकाकडून दुसऱ्याकडे जाणारे रोग म्हटले आहे. भूमीचा आणि बीजाचा असे दोन्ही विचार आपल्या परंपरेत आहेत. त्याचप्रमाणे राजयक्ष्म्यात रुग्णाचे बल राखावे, कर्शन करणारे शोधन टाळावे, मांसरस, दूध, घृत यांनी बृंहण करावे, हा चरकोक्त उपदेश वर सांगितलेल्या आहारविषयक संशोधनाशी सुसंगत आहे. याचा अभिमान अवश्य बाळगावा. मात्र त्यावरून प्राचीनांना भक्षक पेशी ठाऊक होत्या असे म्हणणे, किंवा सितोपलादी अथवा वासा यांवरच विसंबून जंतू मरेल अशी हमी देणे, हे शास्त्रही नव्हे आणि रुग्णहितही नव्हे.

एक सावधगिरी आवर्जून सांगतो. पिंपळीतील पायपरिन रिफाम्पिसिनचे रक्तातील प्रमाण वाढवते, असे भारतीय संशोधनातच दिसून आले आहे. म्हणजे आपली द्रव्ये निष्क्रिय नाहीत. ती दुसऱ्या औषधाच्या मात्रेत फेरफार करू शकतात. आयसोनायझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड ही तिन्ही यकृतास बाधक ठरू शकतात. अशा वेळी उपचार करणाऱ्या डॉक्टरांस न कळवता रसकल्प वा अनेक घटकांचे योग जोडू नयेत. रुग्णास उलट्या, डोळ्यांत पिवळेपणा, गडद मूत्र अशी लक्षणे दिसल्यास त्यास त्याच दिवशी रुग्णालयात पाठवावे.

आपले कर्तव्य

चिकित्सकांनी दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला वा ताप, कफातून रक्त, रात्रीचा घाम, कारणाविना घटणारे वजन यांपैकी काहीही आढळल्यास प्रथम कफाची तपासणी सांगावी, कासाची चिकित्सा त्यानंतर. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसण्यास एक मिलिलिटर कफात साधारण पाच ते दहा हजार जंतू असावे लागतात. सीबी-नॅट आणि गोव्यातील कंपनी बनवत असलेली ट्रूनॅट या रेण्वीय चाचण्या त्याहून बरेच कमी जंतू ओळखतात आणि रिफाम्पिसिनला प्रतिरोध आहे काय, हेही सांगतात. मधुमेही रुग्णात संशयाचा उंबरठा आणखी खाली ठेवावा. निदान झालेल्या प्रत्येक रुग्णाची माहिती शासनास कळवणे मे २०१२ पासून बंधनकारक आहे आणि त्यात खाजगी व्यावसायिकही येतात. निक्षय यंत्रणेत नोंद झालेल्या रुग्णास आहारासाठी शासनाकडून दरमहा मिळणारे साहाय्य नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १,००० रुपये झाले आहे. आपण नोंद केली नाही, तर रुग्ण या साहाय्यास मुकतो. घरातील इतर व्यक्तींची तपासणी आणि आवश्यक ते प्रतिबंधक औषध, हाही त्या नोंदीचाच पुढचा भाग आहे.

औषधविक्रेत्यांची जबाबदारी तितकीच मोठी आहे. १ मार्च २०१४ पासून क्षयाची प्रमुख औषधे, तसेच लेव्होफ्लॉक्सॅसिन व मॉक्सिफ्लॉक्सॅसिन ही अनुसूची एच-१ मध्ये आहेत. चिठ्ठीवाचून ती देता येत नाहीत. चिठ्ठी देणाऱ्याचे व रुग्णाचे नाव, औषध आणि संख्या यांची वेगळ्या वहीत नोंद करून ती तीन वर्षे जपावी लागते. २०१८ च्या अधिसूचनेने क्षयाची औषधे देणाऱ्या विक्रेत्यांवरही रुग्णाची माहिती कळवण्याचे बंधन आले आहे. यामागील कारण आता वाचकांच्या ध्यानात आले असेल. फ्लॉक्सॅसिन वर्गातील औषधे पेशीत शिरतात आणि क्षयजंतूवर परिणामही करतात. पाच गोळ्यांनी खोकला दबतो, कफतपासणीत जंतू सापडत नाही, निदान काही आठवडे लांबते, आणि तेवढा काळ रुग्ण घरातील मुलाबाळांत खोकत राहतो. प्रतिरोधी क्षयासाठी राखून ठेवलेले हत्यारही त्यामुळे बोथट होते. गल्ल्यावर उभ्या राहिलेल्या त्या माणसास गोळ्या नाकारून कफतपासणीस पाठवणे, हीच त्याची खरी सेवा होय.

जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत. त्यांतील पुष्कळांची पहिली भेट ना मोठ्या रुग्णालयाशी होते, ना तज्ज्ञांशी. ती गल्लीतील औषधाच्या दुकानाशी आणि कोपऱ्यावरच्या वैद्याशी होते. जंतू आपल्याच पेशींत, आपल्याच मेदावर, सावकाश जगतो. त्याला घाई नाही. घाई रुग्णाला असते, आणि कधीकधी आपल्यालाही असते. यापुढे कोणी "आता बरे वाटते, गोळ्या बंद करू का?" असे विचारील, तेव्हा पाच मिनिटे देऊन त्यास जंतूचे घर आणि त्याचे अन्न समजावून सांगावे, ही आमची सर्व बंधुभगिनींस नम्र विनंती आहे. रुग्णास कारण समजले, की तो औषध सहसा सोडत नाही.